खोगीर, पाइप आणि निपाणीचं दुकान

'ताई, निपाणीत आमचं तंबाखू-तपकिरीचं दुकान आहे. आजोबांनी घातलं, वडिलांनी वाढवलं, आता गल्ल्यावर मी बसतो. माझं वय चौतीस. वडील अडुसष्टचे, पण कुलूप अजून तेच उघडतात. गेल्या वर्षी एका जुन्या गिऱ्हाइकाला कोल्हापूरला दवाखान्यात मीच घेऊन गेलो. गालाचा कॅन्सर निघाला. तीस वर्षं त्यांना पुडी आमच्याच दुकानातून गेली. तेव्हापासून माझं मन लागत नाही. हे बंद करून मला मसाल्यांचा धंदा करायचाय. वडील ऐकत नाहीत. शोकेसमध्ये एक विलायती पाइप आहे, साखर कारखान्यातल्या एका इंजिनिअर साहेबांनी पंचाऐंशी-शहाऐंशी साली त्यांना भेट दिलेला. नळीवर पांढरा ठिपका आहे. तो दाखवून वडील म्हणतात, "डनहिल बघ. एकच घराणं, एकच धंदा, शंभर वर्षं. आणि तू तीन पिढ्यांत दमलास." पाइपवर डनहिल, शेल ब्रायर, 4103 आणि मेड इन इंग्लंडपुढे बारीक 22 असं उमटवलंय. थोरला भाऊ पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो जागा विका. बहीण गडहिंग्लजला दिलीय, एका पतसंस्थेत हिशेब बघते, तिचा यात काही संबंध नाही. दुकानात शिवामामा आहेत, चाळीस वर्षं तपकीर तेच करतात. वडील म्हणतात ते खरं आहे का? त्यांना कसं समजावू? पाइपचे किती येतील? ता.क. तपकिरीचं जातं काढून टाकावं का?'
— धाकटा, निपाणी

नमस्कार.

आधी त्या 22 चं सांगते, कारण तुमच्या घरातलं निम्मं भांडण त्या दोन आकड्यांत आहे. लंडनच्या डनहिल कंपनीच्या पाइपवर 'मेड इन इंग्लंड'च्या शेवटच्या अक्षराला चिकटून जो बारीक आकडा असतो, त्यावरून पाइप कुठल्या सालचा ते कळतं. तुमच्यासारख्या पाइपवरच्या आकड्यात 60 मिळवायचे. 22 म्हणजे 1982. वरच्या 4103 मधला 4 म्हणजे आकारमान, 1 म्हणजे निमुळती नळी आणि 03 म्हणजे 'बिलियर्ड' नावाचा सरळ, साधा घाट. साहेबांनी चांगली वस्तू दिली होती, यात शंका नाही.

पण डनहिल कंपनीचा मोठा हिस्सा 1967 सालीच कॅरेरास या सिगारेट कंपनीनं घेतला होता. वडील ज्या पाइपकडे बोट दाखवून 'एकच घराणं' म्हणतात, तो घडला तेव्हा घराण्याच्या हातून सत्ता जाऊन पंधरा वर्षं झाली होती. घराण्यातली माणसं कंपनीत होती, मान होता, खुर्ची होती. मालकी नव्हती.

हे लगेच उठून वडिलांना ऐकवू नका. जेवताना तर मुळीच नको. आधी सगळी हकिगत वाचा, कारण पुढे ती तुमच्याही बाजूची राहत नाही.

'एकच धंदा' म्हणाल, तर डनहिल मुळात तंबाखूवाले नव्हतेच. ते खोगीरवाले. आल्फ्रेड डनहिलचा जन्म 1872 चा. बापाचं, हेन्रीचं, लंडनच्या यूस्टन रोडवर घोड्यांच्या सामानाचं दुकान होतं: खोगीर, लगाम, सगळा चामड्याचा मामला. पोरगा पंधराव्या वर्षी तिथे उमेदवारीला लागला आणि 1893 मध्ये, एकविसाव्या वर्षी, बापानं कारभार त्याच्या हातात दिला. तारीख लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

दुकान हातात आलं ते घोडा जायच्या वेळेला. लंडनच्या रस्त्यांवर मोटारी दिसू लागल्या होत्या. 1896 च्या कायद्यानं त्यांची वेगमर्यादा ताशी 4 मैलांवरून 14 वर नेली आणि ज्यांच्याकडे पैसा होता ते गाडी घ्यायला धावले. हे कोण लोक? कालपर्यंत ज्यांच्या तबेल्यासाठी डनहिलकडून खोगीर जायचं तेच. आल्फ्रेडनं ते बरोबर हेरलं. त्या काळातली मोटार उघडी. वारा, धूळ, पाऊस सगळं अंगावर. मग त्यानं चामड्याचे कोट, गॉगल, हातमोजे, भोंगे, दिवे, घड्याळं विकायला घेतली आणि या मालाला नाव दिलं 'मोटॉरिटीज'. जाहिरात अशी की मोटारीसाठी सगळं मिळेल, फक्त मोटार सोडून. एक चीज तर अशी होती की आपल्याकडे आज काढली तरी पुणे-बंगळूर रस्त्यावर हातोहात खपेल: 'बॉबी फाइंडर', म्हणजे लांबवर उभा असलेला पोलीस आधीच दिसावा म्हणून काढलेली दुर्बिणीसारखी ऐनक.

यात तंबाखू कुठून आला? वाऱ्यामुळे. उघड्या गाडीत पाइप ओढणाऱ्याची पंचाईत व्हायची, वाटीतला निखारा भडकायचा, ठिणग्या उडायच्या. 1904 साली आल्फ्रेडनं पाइपच्या वाटीला पुढच्या बाजूनं उंच पाख काढली, वारा अडवायला, आणि तिचं पेटंट घेतलं. बस, एवढंच. पाइपवाला व्हायचं म्हणून तो पाइपकडे आलाच नाही, मोटारवाल्या गिऱ्हाइकाची आणखी एक अडचण सोडवायला गेला आणि तिकडचाच झाला. 1907 मध्ये सेंट जेम्स भागात ड्यूक स्ट्रीटवर त्यानं तंबाखूचं दुकान थाटलं. आजूबाजूला साहेबलोकांचे क्लब, जेवण झालं की बाहेर पडून धूर काढणारी मंडळी.

त्या दुकानातली मला सगळ्यात आवडणारी वस्तू पाइप नव्हे, वही आहे. डनहिल तयार तंबाखू विकायचे, पण खरी ख्याती गिऱ्हाइकासमोर मिश्रण करून देण्याची. माणूस आला की त्याला विचारायचं: कडक हवा की सौम्य, सावकाश ओढता की भराभर, घरात की बाहेर. मग वेगवेगळी पानं एकत्र करून त्याचं स्वतःचं मिश्रण ठरायचं आणि ते वहीत नंबर घालून लिहून ठेवायचे. पुढच्या वेळी त्यानं नुसता निरोप धाडला तरी तेच मिश्रण, त्याच प्रमाणात. या वहीचं नाव 'माय मिक्स्चर बुक'. त्यातला 965 नंबर पुढे इतका चालला की डबीवर छापून सगळ्यांना विकायला आला. पहिल्या महायुद्धात खंदकात बसलेले अधिकारी तिथून पत्रं लिहायचे आणि दुकान त्यांना तंबाखू, पाइप टपालानं पाठवायचं.

तुमच्या वडिलांकडे अशी वही आहे का? कागदावर नसेल. डोक्यात नक्की असेल: कुणाला बारीक, कुणाला जाडसर, कुणाला उग्र, कोण आठवड्याची नेतो आणि कोण बायकोला चोरून रोज येतो. तुम्ही तिला धंदा म्हणता, ते तिला माणसं म्हणत असतील. तुमच्या भांडणाचं मूळ मला तिथे दिसतं.

आता पाइपविषयी थोडं सविस्तर, आणि हा भाग शिवामामांना वाचून दाखवा, कारण हाताला कळतं ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळेल. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठी उगवणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाची मुळाजवळची गाठ. रानात वणवा लागला की वरचं झुडूप जळतं, पण जमिनीतली गाठ टिकते आणि तिला पुन्हा फूट येते. विस्तवाला दाद न देणारं असं लाकूड पाइपला मिळालं ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, फ्रान्समधल्या सेंट-क्लोद गावात. त्याआधी मातीचे पाइप असायचे, हातातून पडले की संपले. ब्रायरची गाठ खणून काढली की ती ओलीच ठेवावी लागते, नाहीतर तडकते. मग तिचे तुकडे करून तासन् तास उकळायचे, म्हणजे आतला कडू रस निघतो, आणि नंतर महिनोन् महिने सावलीत वाळवायचे. एवढं करून कोरायला घेतलं की आत खडा किंवा भोक निघतं आणि तुकडा वाया. नमुनेदार पाइपला एवढी किंमत का, त्याचं हे एक कारण.

आल्फ्रेड सुरुवातीला बाहेरून पाइप घ्यायचा. गिऱ्हाइकं तक्रार घेऊन परत यायची: वार्निश सुटतं, जीभ भाजते. 1910 मध्ये त्यानं दुकानामागच्या गल्लीत दोन-चार कारागीर बसवून स्वतःची कार्यशाळा काढली. लाकूड तेलात मुरवायचं, मग उष्णता देऊन ते तेल आणि त्याबरोबरचा उरलासुरला रस बाहेर काढायचा, पुसायचं, पुन्हा तापवायचं. वार्निश नाही. आणि तुमच्या पाइपवर लिहिलेलं 'शेल' हे 1917 च्या पेटंटातलं: मऊ लाकडाच्या पाइपवर जोरात वाळू मारायची. मऊ भाग झडतो, कठीण रेषा उभ्या राहतात आणि पाइप शिंपल्यासारखा खरबरीत दिसतो. कुठलासा पाइप बॉयलरजवळ विसरला, सुकून त्याच्या रेषा वर आल्या आणि त्यावरून ही कल्पना सुचली, अशी एक गोष्ट सांगतात. कारखान्यातल्या गोष्टी बहुतेक अशाच सांगितल्या जातात.

पांढरा ठिपका? तुमचा पाइप सरळ आहे म्हणून तुम्हाला तो चटकन समजेल. नळी हातानं कापलेली, वरची आणि खालची बाजू जवळजवळ सारखी. साफ करायला काढली की परत लावताना कुठली बाजू वर, हे गिऱ्हाइकाला कळेना. म्हणून वरच्या बाजूला एक ठिपका. 1910 च्या दशकात एवढ्या साध्या सोयीसाठी आलेला तो ठिपका पुढे घराण्याची मोहोर झाला.

त्या ठिपक्यावरूनच शिवामामांकडे येते. तुमच्या पत्रात त्यांच्या वाट्याला एक ओळ आलीय. माझ्या मते तुमच्या दुकानाचं काय होणार, ते थोरल्या भावापेक्षा मामांवर जास्त अवलंबून आहे.

डनहिलच्या पाइपांच्या कामावर सुरुवातीला जोएल सासिएनी नावाचा एक उत्तम कारागीर होता. 1919 मध्ये तो बाहेर पडला आणि लंडनमध्येच स्वतःचे पाइप करू लागला. त्यानंही नळीवर एक ठिपका दिला. डनहिलनं हरकत घेतली. मग सासिएनीनं चार ठिपके दिले, निळे. आज संग्राहक ते चार निळे ठिपके बघून डोळे मिटून पैसे मोजतात. म्हणजे हातातलं कसब मालकाच्या दाराबाहेर गेलं आणि समोर चार पटीनं उभं राहिलं.

दुसरी गोष्ट डब्लिनची. तिथे ग्राफ्टन स्ट्रीटवर काप नावाच्या जर्मन भावांचं तंबाखू आणि पाइपचं दुकान होतं, कंपनी आपलं वय 1865 पासून मोजते. तिथे चार्ल्स पीटरसन हा लाटव्हियातून आलेला कारागीर शिरला. त्याच्या डोक्यात एक पाइप होता: दांडीच्या आत खोलगट जागा, म्हणजे धुरातली ओल तिथे साठेल आणि तोंडात कोरडा धूर येईल. 1890 मध्ये त्याचं पेटंट झालं. पुढे 1898 मध्ये त्यानं नळीचं भोक टोकाला न ठेवता वरच्या अंगाला घेतलं, धूर जिभेवर न येता टाळूकडे जावा म्हणून. काप मंडळींनी काय केलं? त्याला भागीदार केलं आणि पाटी बदलली: काप अँड पीटरसन. आज जगभर लोक त्या पाइपांना नुसतं 'पीटरसन' म्हणतात. काप हे नाव तुम्ही तरी ऐकलं होतं का? ज्यांचं दुकान त्यांचं नाव पुसलं गेलं असं म्हणून हळहळायचं तर हळहळा. पण दुकान दीडशे वर्षांपलीकडे पोचलं ते त्या परक्या माणसाच्या नावावर.

मामांना विचारा, त्यांना पुढे काय करायचंय. पगार वाढवण्याची गोष्ट मी करत नाही. वस्त्रगाळ करणं, वासावरून माल ओळखणं, ओल किती राहिली ते चिमटीत घेऊन सांगणं, हे चाळीस वर्षांचं शिक्षण मसाल्याच्या धंद्यात तुम्हाला विकत मिळणार नाही. आणि ते माणसासकट मिळत असेल तर भागीदारीचा कागद करून घ्या. नुसतं 'मामा घरचेच आहेत' म्हणून भागत नाही. आमच्याकडे छापखाना होता. वडील गेल्यावर आम्ही भावंडांनी ट्रेडल मशीन विकलं, छपाईचे खिळे वजनावर भंगारात दिले, जागेचे सारखे वाटे केले. ते खिळे जुळवणारे आमचे कंपोझिटर काका 'घरचेच' होते. वाटणीच्या दिवशी ते चहा घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. मी त्यांना बसा म्हटलं नाही. आज लिहितानाही ते आठवलं की मान खाली जाते.

बहिणीचं तेच. 'तिचा यात काही संबंध नाही' हे वाक्य तुम्ही फार सहज लिहिलंत. डनहिलांच्या घरात आल्फ्रेडची मुलगी मेरी होती. बापाचं सुरुवातीला सगळं लक्ष मुलांकडे, आणि 1961 मध्ये कंपनीच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर बसली मेरी. तुमची बहीण पतसंस्थेत हिशेब बघते म्हणजे कर्जबुडव्या माणूस लांबून ओळखत असेल. तिला रोजकीर्द दाखवा. तंबाखूतून खरोखर किती सुटतं, उधारी किती थकलीय, जागेचं भाडं धरलं तर दुकान नफ्यात आहे का, हे तुम्हा तिघा भावंडांत तिच्याइतकं कोरडेपणानं कुणी सांगणार नाही. माझा अंदाज, वडीलही तिचं ऐकतील. मुलीनं आकडा सांगितला की बापाला तो टोमणा वाटत नाही.

आता 'शंभर वर्षं'. घराणं टिकलं कसं आणि सुटलं कसं, दोन्ही सांगते. आल्फ्रेड 1928 मध्ये अचानक बाजूला झाला. तेव्हा तो पंचावन्न-छपन्नचा. संसार सोडून तो दुसऱ्या स्त्रीबरोबर राहायला गेला आणि पुढची तीस वर्षं कारभारापासून लांबच राहिला. 1959 मध्ये गेला. कंपनी भावानं आणि मुलानं चालवली. एप्रिल 1941 मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात ड्यूक स्ट्रीटचं दुकान जमीनदोस्त झालं, तेव्हा मुलगा आल्फ्रेड हेन्री यानं ढिगाऱ्यासमोर फुटपाथवर टेबल टाकलं आणि विक्री चालू ठेवली. वडिलांना कुठली गोष्ट सांगायची तर ही सांगा. त्यांनाही जमलं असतं ते.

पण मग 1967 आलं. धंदा जगभर पसरला होता आणि मागून सिगारेटचा मोठा पैसा आला. पुढे नाव एका कंपनीतून दुसरीत फिरत राहिलं. आज डनहिल नावाची सिगारेट एका कंपनीची, कपडे आणि चामड्याच्या पिशव्या दुसरीच्या. ते पाइपचे तंबाखू, ज्यांच्यासाठी ती वही होती, 2018 मध्ये डनहिलच्या नावानं बंद झाले, आणि त्यांतली बरीच मिश्रणं आता डब्यावर कुणाचं नाव घेऊन विकली जातात? पीटरसनचं. पाइप मात्र लंडनच्या वॉल्थमस्टोत अजून थोडे थोडे होतात. गंमत बघा, घोड्याच्या खोगिरावरून निघालेलं नाव सव्वाशे वर्षांनी फिरून चामड्यावरच आलं. मधला तंबाखू हा वडिलांना वाटतो तसा पाया नव्हता. तो एक लांबचा मुक्काम होता.

तेव्हा वडिलांचं खरं का? नाही. पण तुमचंही पूर्ण खरं नाही. तुम्ही म्हणता, 'हे बंद करून ते सुरू करतो'. आल्फ्रेडनं असं काहीच बंद करून सुरू केलं नाही. खोगिराच्या दुकानात मोटारीचा कोट टांगला, कोटाच्या गिऱ्हाइकाला पाइप दिला, पाइपवाल्याला तंबाखू दिला. माल बदलत गेला, उंबऱ्यावरची माणसं तीच. तुमच्या उंबऱ्यावर आज कोण आहे? म्हातारे बहुतेक, आणि त्यांच्या घरी सुना. निपाणी-कोल्हापूरकडे कांदा-लसूण मसाल्याचं प्रमाण घराघरांत वेगळं असतं, संकेश्वरी मिरची किती, ब्याडगी किती, यावरून सासू-सुनांचे अबोले होतात. उन्हाळ्यात ज्या बायका डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीवर, रांगा लावतात, त्यांचं प्रमाण वहीत नाव घालून लिहून ठेवणारं एक दुकान निपाणीत असेल, तर ते चालेल की नाही याचा अंदाज माझ्यापेक्षा तुमच्या वडिलांना चांगला येईल. हा प्रश्न त्यांना विचारा. 'दुकान बंद करू का' हा विचारू नका. त्याचं उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे.

एक पथ्य कडक पाळा: तंबाखूच्या जागेत, त्याच भांड्यांत, त्याच चाळणीत मसाला नाही. वास जात नाही, आणि वासाचं सोडा, विषच ते. मागची खोली वेगळी करा, चुना मारा, अन्नपदार्थांचा परवाना काढा, आणि एका उन्हाळ्यापुरतंच करून बघा. तोवर पुढे तंबाखू चालू राहिला तर तुमचं मन खाईल, हे मला कळतं. गालाचा कॅन्सर झालेला माणूस तुम्ही स्वतः दवाखान्यात नेलाय, तुम्हाला मी काय सांगणार. निदान एवढं आजपासून करा की नवं गिऱ्हाईक जोडायचं नाही. कोवळ्या पोरांना तर कायद्यानंही देता येत नाही. जुने आहेत त्यांच्यातल्या ज्याच्या तोंडात पांढरा चट्टा दिसेल, ज्याचं तोंड पुरतं उघडत नसेल, त्याला पुडी न देता दवाखान्याचा पत्ता द्या. वडील यावर रागावणार नाहीत. त्या माणसाला तीस वर्षं पुडी त्यांनीही दिलीय, आणि तुम्ही कोल्हापूरला गेलात त्या रात्री ते झोपले होते का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.

आणि आता ती 1893 ची तारीख. हेन्री डनहिलनं एकविसाव्या वर्षी पोराच्या हातात दुकान दिलं, म्हणून पोराला चुका करायला, मोटारीकडे वळायला, पाइपपर्यंत पोचायला वेळ मिळाला. तुम्ही चौतीसचे आहात आणि किल्ल्या अजून वडिलांच्या कमरेला. तुमचं खरं मागणं मसाला नसून किल्ल्या आहेत, असं मला पत्र दोनदा वाचल्यावर वाटलं. तसं असेल तर तेच मागा, त्याच शब्दांत. 'बाबा, एक वर्ष कारभार माझ्याकडे द्या, तुम्ही गादीवर बसा, मी काय करतो ते बघा.' माल कुठला, हे नंतर. दोन मागण्या एकत्र बांधल्या की बाप सोपी असेल ती नाकारतो आणि दुसरीपण आपोआप बुडते.

भावाला जागा विकायची घाई आहे. त्याचा हक्क आहे, त्याला दोष देऊ नका. पण बहिणीनं हिशेब काढेपर्यंत थांब म्हणून सांगा, आणि दुकान पुढे तुम्ही चालवणार असाल तर त्याच्या वाट्याचं काय, हे आत्ताच कागदावर आणा.

पाइप विकू नका, एवढं मी सांगेन, पण तो मौल्यवान आहे म्हणून नव्हे. 1982 चा, वापरलेला, कुणा प्रसिद्ध माणसाचा नाही, जे येईल ते तुमच्या जागेच्या एका फरशीलाही पुरणार नाही. शोकेस पश्चिमेला असेल आणि नळी पिवळट-हिरवी पडली असेल, तर ते उन्हानं झालंय. ती गंधकात पक्क्या केलेल्या रबराची असते, प्रकाशात ठेवली की असा रंग येतो. सावलीत हलवा. गरम पाण्यात घालू नका, स्पिरिट लावू नका, आणि ठिपका घासून चमकवायचा मोह टाळा. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निर्धोक, असंही कुणी सांगेल. ओठाचा आणि तोंडाचा कॅन्सर पाइपनंही होतो. शोकेसमध्येच राहू द्या त्याला.

वडिलांना 22 चा अर्थ सांगायचाच असेल तर किल्ल्या मिळाल्यावर सांगा. त्याआधी सांगितलात तर तो वाद तुम्ही जिंकाल आणि वर्ष हराल.

जात्याचं विचारलंत. ते आजोबांनी घेतलेलं दुकानाचं जातं, की मामांनी स्वतः टाकी लावून लावून वापरात ठेवलेलं मामांचं? हे आधी मामांना विचारून घ्या, मग मला लिहा.